शुक्राणूची बांधणी : संरचनात्मक प्रथिने आणि पुरुषाची प्रजननक्षमता

सारांश

पुरुषाच्या प्रजननक्षमतेचा विचार करताना सामान्यतः शुक्राणूंच्या संख्येला प्राधान्य दिले जाते. परंतु शुक्राणू ही अत्यंत विशेषीकृत पेशी असून तिचे कार्य सर्वस्वी तिच्या बांधणीवर अवलंबून असते. ही बांधणी ज्या प्रथिनांनी घडते त्यांपैकी एखादे प्रथिन सदोष असल्यास संख्या पुरेशी असूनही गर्भधारणा होत नाही. शुक्राणूच्या विकासाच्या उत्तरार्धात त्याच्या केंद्रकातील जनुके निष्क्रिय होतात. त्यामुळे बांधणीत राहिलेला दोष त्याला स्वतः दुरुस्त करता येत नाही. प्रस्तुत लेखात शुक्राणूचे डोके, मान व शेपूट यांतील प्रमुख संरचनात्मक प्रथिनांचा आढावा घेतला असून, या माहितीचा वंध्यत्वाच्या निदानाशी व सामाजिक दृष्टिकोनाशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : शुक्राणुजनन, प्रोटामाइन, अक्षसूत्र, डायनीन, पुरुष वंध्यत्व.

१. प्रस्तावना

मराठीत ‘वांझ’ हे विशेषण जमिनीला, झाडाला आणि स्त्रीला लावले जाते. पुरुषाला ते सहसा लावले जात नाही. पुरुषासाठी वापरला जाणारा ‘नपुंसक’ हा शब्द समागमाच्या असमर्थतेचा निदर्शक आहे. अपत्यप्राप्तीच्या असमर्थतेसाठी त्याचा वापर करणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरते. परिणामी, समागम करू शकणारा प्रत्येक पुरुष प्रजननक्षम असतोच, असा समज आपल्या भाषेतच रुजलेला दिसतो. मूल होत नसलेल्या जोडप्यात तपासण्या, उपासतापास आणि टोमणे यांचा पहिला भार स्त्रीवर पडतो, यामागे हा समज आहे.

वस्तुस्थिती निराळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारणतः सहांपैकी एका व्यक्तीला, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने उपस्थित असते. प्रजननासंबंधी मराठीत मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविले. असे असूनही पुरुषाच्या वंध्यत्वाची जीवशास्त्रीय कारणे सुशिक्षित वर्गातही फारशी परिचित नाहीत. म्हणून या कारणांपैकी शुक्राणूच्या बांधणीशी निगडित असलेल्या कारणांचा येथे विचार केला आहे.

२. शुक्राणूचे वेगळेपण

डेल्फ्ट येथील अँटनी व्हॅन लीवेनहोक यांनी १६७७ मध्ये साध्या सूक्ष्मदर्शकातून वीर्यातील हलणाऱ्या शुक्राणूंचे निरीक्षण नोंदविले. मानवी शुक्राणूची एकूण लांबी सुमारे ५० ते ६० मायक्रोमीटर असते. त्यापैकी डोके केवळ ४ ते ५ मायक्रोमीटर लांबीचे असून उरलेला बहुतांश भाग शेपटीचा असतो. शरीरातील इतर पेशी शरीरातच राहून कार्य करतात. शुक्राणूला मात्र शरीराबाहेर पडून, दुसऱ्या व्यक्तीच्या शरीरात प्रवास करून, एका वेगळ्या पेशीत प्रवेश करावयाचा असतो. या एका कार्यासाठी आवश्यक नसलेले जवळजवळ सर्व घटक तो विकासक्रमात टाकून देतो. त्याच्यापाशी डीएनएची एक प्रत, अंड्यात प्रवेश मिळवून देणारी विकरे, ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका आणि गती देणारी शेपटी एवढेच उरते.

मानवामध्ये मूळ जननपेशीपासून पूर्ण शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. वृषणातील शुक्रजनक नलिकांमध्ये ही प्रक्रिया तीन टप्प्यांत घडते. प्रथम मूळ पेशींचे सूत्री विभाजन होऊन त्यांची संख्या वाढते. नंतर अर्धगुणसूत्री विभाजनाने गुणसूत्रांची संख्या ४६ वरून २३ वर येते. या विभाजनातून निर्माण होणारी पेशी वाटोळी असते. तिला येथे ‘पूर्वशुक्राणू’ म्हटले आहे. तिसऱ्या टप्प्यात पेशीचे विभाजन होत नाही, केवळ रूपांतर होते. वाटोळ्या पूर्वशुक्राणूचे केंद्रक लांबट व घट्ट होते, शेपटी फुटते आणि अतिरिक्त पेशीद्रव्य गळून पडते. संरचनात्मक प्रथिनांचे मुख्य कार्य या तिसऱ्या टप्प्यात दिसून येते.

३. वृषणातील आधार आणि अडसर

शुक्राणूची घडण एकट्याने होत नाही. इटालियन शास्त्रज्ञ एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये वर्णन केलेल्या व त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी विकसनशील जननपेशींना आधार व पोषण देतात. शेजारच्या दोन सर्टोली पेशी परस्परांना घट्ट जोडलेल्या असतात. या सांध्यात क्लॉडिन-११ व ऑक्लुडिन ही प्रथिने असून त्यांमुळे रक्त आणि विकसनशील शुक्राणू यांच्यामध्ये एक अडसर निर्माण होतो. शुक्राणू तारुण्यात निर्माण होऊ लागतात. त्यापूर्वीच शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेने ‘आपले’ आणि ‘परके’ यांची ओळख करून घेतलेली असते. त्यामुळे हा अडसर नसल्यास शुक्राणूंवरील नवी प्रथिने परकी ठरू शकतात. क्लॉडिन-११ चे जनुक काढून टाकलेले नर उंदीर वंध्य असतात, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. शुक्राणूत स्वतः कोणताही दोष नसताना केवळ त्याच्या निवाऱ्याच्या भिंतीतील प्रथिन नसल्यास काय घडते, याचे हे उदाहरण होय.

४. डोके : डीएनएची घट्ट बांधणी

शुक्राणूच्या डोक्यात असलेला डीएनए उलगडून सरळ केल्यास त्याची लांबी सुमारे एक मीटर भरेल. तो पाच मायक्रोमीटरच्या डोक्यात सुरक्षितपणे बसविणे हे बांधणीतील पहिले आव्हान आहे. शरीरातील अन्य पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्राणूला ही व्यवस्था पुरत नाही. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यात बहुतेक हिस्टोन दूर केले जातात, त्यांची जागा काही काळ संक्रमणी प्रथिने घेतात आणि शेवटी प्रोटामाइन ही प्रथिने डीएनएला घट्ट बांधून टाकतात.

प्रोटामाइनचा इतिहास मनोरंजक आहे. डीएनएचा शोध ज्यांच्या नावे आहे त्या फ्रेडरिक मीशर यांनी बाझल येथे ऱ्हाइन नदीतील सॅमन माशांच्या शुक्राणूंवर काम करताना १८७४ मध्ये हा पदार्थ वेगळा केला व त्याला हे नाव दिले. मानवी प्रोटामाइन-१ हे सुमारे ५० अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन असून त्यातील जवळजवळ निम्मी अमिनो आम्ले आर्जिनीन असतात. आर्जिनीनवर धन विद्युत्‌भार असतो, तर डीएनएच्या कण्यावर ऋण. या दोहोंच्या आकर्षणामुळे डीएनए घट्ट आवळला जातो. पुढे अधिवृषणातून प्रवास करताना प्रोटामाइनमधील सिस्टीन या अमिनो आम्लांमध्ये डायसल्फाइड बंध निर्माण होतात आणि ही गाठ पक्की होते. शुक्राणूचे अंड्याशी मीलन झाल्यावर अंड्यातील ग्लुटाथायोन हेच बंध सोडविते व प्रोटामाइनच्या जागी अंड्याचे हिस्टोन येतात. म्हणजे ही बांधणी पक्की तर हवीच, पण योग्य ठिकाणी सुटणारीही हवी.

मानवी शुक्राणूत प्रोटामाइन-१ व प्रोटामाइन-२ साधारणतः समप्रमाणात आढळतात आणि ५ ते १५ टक्के हिस्टोन मागे राहतात. हे प्रमाण बिघडलेल्या पुरुषांत डीएनए तुटण्याचे व वंध्यत्वाचे प्रमाण अधिक आढळते. उंदरांवरील प्रयोगांतून याला पुष्टी मिळाली आहे. प्रत्येक प्रोटामाइन जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांतील एक प्रत निकामी केली तरी नर वंध्य होतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

प्रथिनाच्या मात्रेइतकेच त्याच्या निर्मितीच्या वेळेलाही महत्त्व आहे. डीएनए घट्ट आवळला गेला की त्यावरील जनुके वाचता येत नाहीत. म्हणून पुढे लागणाऱ्या प्रथिनांचे संदेश देणारे आरएनए आधीच तयार करून साठविले जातात आणि ठरलेल्या वेळी त्यांचे प्रथिनांत रूपांतर होते. प्रोटामाइन-१ वेळेआधी तयार होईल अशी व्यवस्था उंदरांत केली असता केंद्रक अकाली घट्ट झाले आणि शुक्राणूचा विकास मध्येच थांबला, असे १९९५ मध्ये आढळून आले. शरीरातील बहुतेक पेशी झिजलेले प्रथिन टाकून नवे घडवितात. पूर्ण विकसित शुक्राणूला ही सोय जवळजवळ उपलब्ध नाही. तो एकदाच बांधला जातो.

५. डोक्यावरील आवरण आणि मान

डोक्याच्या पुढील भागावर ॲक्रोसोम ही टोपीसारखी पिशवी असते. अंड्याभोवतीचे आवरण भेदण्यास साहाय्य करणारी विकरे तीत असतात. ही टोपी केंद्रकाला चिकटून राहावी यासाठी केंद्रकाच्या आवरणात डीपीवाय१९एल२ हे प्रथिन असते. त्याचे जनुक नष्ट झाल्यास ॲक्रोसोम सुटून जातो आणि डोके वाटोळे राहते. अशा ‘गोलशीर्ष’ शुक्राणूंचे हे प्रमुख आनुवंशिक कारण असल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले. हा विकार विरळा आहे, परंतु बोधप्रद आहे. असे शुक्राणू गतिमान असू शकतात व त्यांची संख्याही पुरेशी असू शकते. तथापि अंड्यात स्वतः प्रवेश करण्याची क्षमता त्यांच्यात नसते.

डोके आणि शेपटी यांना जोडणाऱ्या मानेचेही तसेच आहे. केंद्रकाच्या आवरणातील सन-५ हे प्रथिन शेपटीच्या मुळाला डोक्याशी जखडून ठेवते. या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे वीर्यात डोके नसलेले शुक्राणू आढळतात, हे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. डोके व शेपटी दोन्ही तयार होतात. त्यांना एकत्र ठेवणारा दुवा मात्र तुटतो.

६. शेपटी : गतीची रचना

शेपटीच्या मध्यभागी अक्षसूत्र असते. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिकांपासून ते बनते. बाहेर नऊ जोडनलिकांचे वर्तुळ आणि मध्ये दोन एकेरी नलिका, अशी ही ‘नऊ अधिक दोन’ रचना आहे. पॅरामेशियमच्या केसलांत, आपल्या श्वासमार्गातील केसलांत आणि शुक्राणूच्या शेपटीत हीच रचना आढळते. जोडनलिकांवर डायनीन या प्रथिनाचे ‘हात’ असतात. ते एटीपीतील ऊर्जा वापरून शेजारच्या नलिकेला सरकवितात आणि त्यातून शेपटीला हेलकावा मिळतो. डायनीन हे नाव १९६५ मध्ये इयन गिबन्स व आर्थर रो यांनी एकपेशीय सजीवाच्या केसलांवरील संशोधनातून दिले.

या प्रथिनाचा मानवी वंध्यत्वाशी असलेला संबंध १९७६ मध्ये स्वीडनच्या ब्यॉर्न आफझेलियस यांनी उघड केला. शुक्राणू निश्चल असलेल्या व सायनस आणि श्वासनलिकांच्या दीर्घकालीन विकाराने ग्रस्त अशा पुरुषांच्या अक्षसूत्रांत डायनीनचे हात नसल्याचे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसले. श्वासमार्गातील केसलांतही तोच दोष असल्याने कफ साचून राहतो. अशा रुग्णांपैकी साधारणतः निम्म्यांत हृदय उजवीकडे असते, कारण गर्भावस्थेत शरीराची डावी-उजवी बाजू ठरविण्यातही केसलांचा सहभाग असतो. वारंवार सर्दी-खोकल्याची तक्रार आणि अपत्यहीनता यांचे मूळ एकाच प्रथिनात असू शकते, ही गोष्ट वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

अक्षसूत्राभोवती शुक्राणूच्या शेपटीत आणखी काही रचना असतात. त्यांपैकी बाह्य घन तंतू शेपटीला लवचीक बळकटी देतात. त्याबाहेर शेपटीच्या मुख्य भागात तंतुमय आवरण असते. एकेएपी-४ हे त्यातील प्रमुख प्रथिन असून त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. हे आवरण केवळ आधार देत नाही. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळविणारी विकरे व गतीचे नियमन करणारे घटक यांना ते योग्य जागी धरून ठेवते. या जनुकाविना वाढविलेल्या उंदरांत शुक्राणूंची संख्या घटली नाही, परंतु ते पुढे सरकू शकले नाहीत आणि नर वंध्य ठरले. हा २००२ मधील निष्कर्ष केवळ संख्या मोजण्याच्या पद्धतीची मर्यादा नेमकी दाखवून देतो.

शेपटीच्या मधल्या व मुख्य भागांच्या सांध्यावर सेप्टिन प्रथिनांचे एक कडे असते. सेप्टिन-४ नसलेल्या उंदरांत हे कडे तयार होत नाही व शेपटी नेमकी त्याच जागी वाकते, असे २००५ मध्ये आढळले. मानवात सेप्टिन-१२ मधील उत्परिवर्तनांचा वंध्यत्वाशी संबंध २०१२ मध्ये दाखविला गेला. त्यानंतर २०१४ मध्ये डीएनएएच-१ या डायनीन जनुकातील दोषामुळे आखूड, वेटोळ्या, अनियमित जाडीच्या अथवा मुळीच नसलेल्या शेपट्या निर्माण होतात हे फ्रेंच संशोधकांनी सिद्ध केले. आता शेपटीच्या अशा विकृतींशी निगडित अनेक जनुके ज्ञात आहेत.

७. निदान आणि उपचार यांच्याशी संबंध

वीर्यतपासणीच्या अहवालात सामान्य वाचकाची नजर प्रथम संख्येवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत दिलेल्या किमान संदर्भमर्यादा पुढीलप्रमाणे आहेत : प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे शुक्राणू ३० टक्के आणि प्राकृत आकाराचे शुक्राणू ४ टक्के. वर्षभराच्या आत अपत्यधारणा झालेल्या जोडप्यांतील पुरुषांच्या तपासणीवरून या मर्यादा ठरविल्या आहेत. अशा पुरुषांपैकी ५ टक्के पुरुषांचे आकडे या मर्यादेखाली होते. म्हणून त्यांना प्रजननक्षम व वंध्य यांमधील सीमारेषा मानता येत नाही. गती आणि आकार यांच्या आकड्यांत वर वर्णिलेल्या बांधणीचे प्रतिबिंब पडते. डीएनएच्या घट्टपणाची माहिती मात्र या नेहमीच्या तपासणीतून मिळत नाही.

शुक्राणूच्या निर्मितीस सुमारे अडीच महिने लागत असल्याने आजच्या वीर्यात दिसणारा शुक्राणू दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या परिस्थितीत घडलेला असतो. मोठा ताप येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी संख्या, गती व डीएनएची स्थिती खालावलेली आढळू शकते. वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा काही अंशांनी कमी राहणे आवश्यक असते, हे येथे लक्षात घ्यावे. त्यामुळे एकाच अहवालावरून निष्कर्ष न काढता काही काळाने तपासणी पुन्हा करणे इष्ट ठरते.

कोणते प्रथिन सदोष आहे यावर उपचाराची फलश्रुती बऱ्याच अंशी अवलंबून असते. ब्रुसेल्स येथे १९९२ मध्ये यशस्वी झालेल्या पद्धतीत एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने थेट अंड्यात सोडला जातो. शेपटीतील दोष असल्यास या पद्धतीने पोहण्याची गरजच उरत नाही. गोलशीर्ष शुक्राणूंच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. अंड्याला विकासाची चालना देणारे पीएलसी-झीटा हे प्रथिन त्यांत बहुधा अत्यल्प असते व अंडे कृत्रिम रीतीने सक्रिय करावे लागते. प्रोटामाइनच्या बिघाडात डीएनएच क्षतिग्रस्त असू शकतो आणि सुई ते नुकसान भरून काढू शकत नाही.

आनुवंशिकतेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. वरील दोषांपैकी अनेक दोष अप्रभावी आहेत, म्हणजे आई व वडील या दोघांकडून सदोष प्रत मिळाल्यावरच ते प्रकट होतात. जवळच्या नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. महाराष्ट्रातील काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा असल्याने अशा कुटुंबांत जनुकीय समुपदेशन उपयुक्त ठरेल. नैसर्गिक रीतीने पुढे न जाणारा दोष कृत्रिम गर्भधारणेमुळे पुढील पिढीत जाऊ शकतो, याचीही कल्पना जोडप्याला उपचारापूर्वी मिळावयास हवी.

८. समारोप

मानवी शुक्राणूत सहा हजारांहून अधिक प्रकारची प्रथिने ओळखली गेली आहेत. प्रस्तुत लेखात त्यांतील मोजक्याच प्रथिनांचा विचार केला आहे. त्यावरूनही एवढे निश्चित म्हणता येते की, पुरुषाची प्रजननक्षमता ही त्याच्या शरीरबळावर, लैंगिक सामर्थ्यावर वा केवळ शुक्राणूंच्या संख्येवर ठरत नाही. ती प्रत्येक शुक्राणूच्या बांधणीवर अवलंबून असते. या बांधणीतील अनेक दोष जन्मजात असतात आणि पुरुषाला त्यांची कोणतीही जाणीव नसते. म्हणून यात त्याला दोषी धरण्याचे कारण नाही आणि लाजण्याचेही नाही.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. वीर्यतपासणी ही सोपी, अल्पखर्चिक व शरीराला इजा न करणारी तपासणी आहे. स्त्रीवर दुर्बिणीद्वारे पोटाची तपासणी करण्याआधी ती होणे हे शास्त्राला धरून आहे. अनेक घरांत तो क्रम उलटा होतो आणि वर्षे वाया जातात. वाढत्या वयाबरोबर स्त्रीच्या अंड्यांची संख्या व गुणवत्ता घटत असल्याने या विलंबाची किंमतही तिलाच मोजावी लागते. प्राणिशास्त्राच्या वर्गात शुक्राणूची आकृती काढून घेताना तिच्या प्रत्येक भागाच्या नावाशेजारी तो भाग निकामी झाल्यास काय होते हेही सांगितले गेले, तर त्या वर्गातून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या आपल्या घरात योग्य वेळी योग्य तपासणीचा आग्रह धरू शकतील. प्राणिशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी या तिन्ही विभागांच्या अध्यापकांनी मिळून हाती घ्यावा असा हा विषय आहे.